बर्फातली केळ

सासूबाईंनी पुन्हा वाळवंटात नेचे लावल्याची बातमी मेव्हण्याने सकाळी सव्वासातला फोन करून दिली. बायको दात घासत होती. फोन स्पीकरवर असल्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं.

"ताई, आईने परत वाळवंटात नेचे लावलेत."

"किती?" बायकोने तोंडातल्या फेसासकट विचारलं.

"नऊ. आणि बर्फात केळ."

बायको बेसिनच्या कडेला टेकली. तिचा चेहरा बघून मी "कधी गेल्या?" असं विचारता विचारता थांबलो.

वाळवंट टॅबलेटमधलं होतं. मेव्हण्यानेच आईला तो खेळ घालून दिला होता. चौकोनी ठोकळ्यांचं जग. त्यात जिंकायचं काही नाही, हरायचं काही नाही, मारायला कोणी नाही. जमीन घ्या, खणा, लावा, पाणी घाला. एका टोकाला वाळवंट, दुसऱ्या टोकाला बर्फ, मध्ये दमट रान आणि समुद्रकाठ. बियांच्या पेटीत चोवीस झाडं. ज्याला हवा मानवेल ते वाढतं, ज्याला नाही मानवत ते अर्ध्या तासात करडं होऊन आडवं पडतं. वय वर्षे सात आणि पुढे. मेव्हण्याच्या मते हा मेंदूला व्यायाम होता. एकाच खात्यातून घरातल्या कोणालाही आत शिरता येत असल्यामुळे तो मेंदूवर नजर ठेवायलाही सोयीचा होता, हे तो बोलला नव्हता.

गेल्या वर्षभरात सासूबाईंनी एकदा दूध जाळलं, एकदा किल्ली बाहेरून दाराला तशीच ठेवून झोपल्या, आणि एकदा मला त्यांच्या धाकट्या दिराच्या नावाने हाक मारली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी दर महिन्याला करतो. पण मी त्रेपन्न वर्षांचा असल्यामुळे त्याला वेंधळेपणा म्हणतात. सासूबाई त्र्याहत्तरच्या होत्या. त्यांच्या बाबतीत त्याला लक्षणं म्हणत.

लक्षणांवर इलाज तयार होता. मेव्हण्याच्या घरी, अकराव्या मजल्यावर, त्यांच्यासाठी एक खोली रंगवून ठेवलेली होती. खिडकी मोठी होती; उघडत नव्हती. सध्या सासूबाई एकट्या राहत त्या बैठ्या घरामागे चाळीस पावलं बाग होती, आणि त्या दिवसातून दोनदा ती चाळीस पावलं पायाने मोजून येत, जणू रात्रीतून कोणी एखादं पाऊल पळवलं असावं.

"भाऊजी, तुम्हीच बघा," मेव्हणा म्हणाला. "महिनाभर दर शनिवारी जा. तुमचा धंदाच आहे."

हे खरं होतं. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. लोकांच्या ओल्या भिंती, फुगलेली दारं आणि जळके फ्रीज बघून अहवाल लिहितो. माझं सर्वांत लाडकं वाक्य म्हणजे 'नुकसान पूर्वीपासूनचे आहे'. बावीस वर्षांत ते इतक्या वेळा लिहून झालं की शेवटी कंपनीने त्याचा शिक्काच करून दिला. आता चौथ्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता फोनवर मी सांगायचं होतं: आई एकट्या राहू शकतात की नाही. माझ्या 'नाही'वर खोलीचं कुलूप उघडणार होतं.

पहिल्या शनिवारी दार उघडून सासूबाईंनी मला नखशिखान्त पाहिलं.

"या जावईबापू. हेर म्हणून आलात की जावई म्हणून?"

"चहा कोणाला मिळतो?"

"दोघांना. हेराला साखर कमी."

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. त्या टॅबलेटवर, मी फोनवर. माझा चौकोनी डोक्याचा, लाल शर्टातला माणूस त्यांच्या जगात अवतरला आणि सरळ जाऊन एका कुंपणावर आपटला.

"तुमचा माणूस कुंपणाकडे तोंड करून उभा आहे."

"विचार करतोय."

"त्याला म्हणावं, पाणी घालता घालता कर." त्यांनी माझ्या हातात झारी दिली. महिनाभर माझ्याकडे झारीच राहिली. दुसरं काही कसं हातात घ्यायचं हे मला माहीत नव्हतं, आणि झारीवाल्याला कोणी काही विचारत नाही हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

चारही हवांमध्ये त्यांचे वाफे होते. चौकोनी, काटेकोर, एकसारखे. वाळवंटात नेचे मरत होते. समुद्रकाठी देवदार मरत होते. दमट रानात निवडुंग कुजून काळे पडत होते. आणि सासूबाई या सगळ्या मरणाकडे, वर्गात पेपर सोडवणाऱ्या पोरांवर पर्यवेक्षक लक्ष ठेवतात तशा, शांतपणे बघत होत्या. शेजारी एक जाड वही होती. मधूनच पेन्सिलीने त्यात काहीतरी लिहीत. मी मान लांब केली की वही मिटत.

घरी परतल्यावर बायकोने विचारलं, "कशी आहे?"

"मला साखर कमी दिली."

"विसरली?"

"नाही. मुद्दाम."

ती जराशी खूश झाल्यासारखी वाटली.

दुसऱ्या शनिवारी मी बसायच्या आतच सरबत्ती सुरू झाली.

"अहो, केळीशेजारी खड्डा कशाला खणलात?"

"मी?"

"मग काय माझ्या मुलाने? तो खणत नाही, तो नुसता बघतो. तो बर्फातला पांढरा वाफा बघा. केळीच्या डाव्या अंगाला. एवढं भगदाड!"

बर्फात केळ खरोखर उभी होती. आजूबाजूला गुलाब, सूर्यफूल, नेचे सगळे करडे होऊन झोपले होते आणि ही एकटी हिरवी पानं पसरून मिरवत होती. शेजारी दोन ठोकळे खोल खड्डा.

"चुकून झालं असेल," मी म्हणालो. लग्नाला चोवीस वर्षं झाली की जावई आरोपाची चौकशी करत बसत नाही.

"चुकून फावडं हातात येत नाही. उचलावं लागतं," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्याविषयी असणार हे त्यांच्या पेन्सिलीच्या जोरावरून कळत होतं.

तिसरा शनिवार पाणी घालण्यात गेला. चौथ्या शनिवारी मात्र मी ठरवून गेलो. सहाला फोन होता आणि माझ्याकडे अहवालात घालायला साखरेपलीकडे काही नव्हतं.

"आई, एक विचारू? वाळवंटात नेचे जगत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे ना?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"केंद्रावर नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हेच म्हणायचा. 'बाई, हे तर माहीतच आहे.' त्याला मी घरी पाठवायची."

केंद्र म्हणजे कोणतं झाड कोणत्या हवेत तगतं याच्या चाचण्या घेणारी जागा. सासूबाईंनी तिथे एकतीस वर्षं काढली. तिथे त्यांना वहीबाई म्हणत, पाठीमागे आणि नंतर नंतर तोंडावरही. मी त्या नोकरीकडे आजवर निवृत्त झालेल्या बाईची नोकरी म्हणूनच पाहिलं होतं.

"प्रत्येक झाड प्रत्येक हवेत लावायचं," त्या म्हणाल्या. "मरणार म्हणून खात्री असलेलंही. ते किती वेळात मेलं, आधी पान गेलं की खोड, हे लिहायचं. आणि एका फेरीवर विश्वास ठेवायचा नाही. तीन फेऱ्या करायच्या. पहिल्यापासून, तेच सगळं. मधल्या वेळात जुनी पानं उघडायची नाहीत. तुम्ही लोक मला काय, येडी समजत होतात?"

"छे!" मी म्हणालो, आणि माझ्या छातीवरून कोणीतरी कपाट उचललं. चोवीस झाडं, चार हवा, तीन फेऱ्या. मेव्हण्याला जे वेड दिसलं होतं ती शिस्त होती. मी मनातल्या मनात अहवाल लिहायलाही घेतला. 'नुकसान आढळले नाही.' हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत असल्यामुळे ते मला फार सुंदर वाटलं.

"वहीचे फोटो काढू? मुलाला दाखवायला?"

"काढा. अक्षर वाचता येईल त्याला?" असं म्हणून त्या मागच्या बागेतली वाळत घातलेली चादर आणायला गेल्या.

मी पानं उलटली. पहिली फेरी. झाड, हवा, दिवस, उंची, शेरा. रेघा फूटपट्टीने मारलेल्या. बर्फाच्या पानावर बहुतेक ओळींपुढे 'मेले'. केळीपुढे: 'जिवंत! आश्चर्य. शेजारी खणून पाहिले. खाली गरम झरा. खड्डा बुजवला.'

छान. फोटो काढला.

दुसरी फेरी. केळ: 'जिवंत! आश्चर्य. शेजारी खणून पाहिले. खाली गरम झरा.'

मी थांबलो. मग स्वतःला समजावलं की शेरा तोच लिहायची पद्धत असेल. सरकारी कामात एकदा आश्चर्य वाटलं की ते दर फेरीला वाटावंच लागत असेल. माझा नाही का शिक्का?

तिसरी फेरी. केळ: 'जिवंत! आश्चर्य. खणून पाहायला गेले तर खड्डा आधीच तयार. जावईबापूंचा उद्योग. खाली गरम झरा निघाला.'

महिनाभर माझ्या हातात झारी होती. फावडं कुठे ठेवलेलं असतं हे मला आजही माहीत नव्हतं.

मी त्या पानाचा फोटो काढला नाही. बाहेर सासूबाई चादरीची दोन टोकं जुळवत होत्या. जुळली नाहीत म्हणून पुन्हा पसरून, पुन्हा जुळवत होत्या. तसं ते कोणीही करतं. पण आता मला त्यांच्याकडे बघताना तेवढंही सरळ दिसेना.

सहाला फोन लागला. पडद्यावर एका चौकटीत बायको, दुसरीत मेव्हणा, तिसरीत टेबलाशी आम्ही दोघं. मी पद्धत समजावून सांगितली. चार हवा, तीन फेऱ्या. बायको ऐकता ऐकता नाक पुसायला लागली.

"म्हणजे मुद्दाम?" मेव्हणा म्हणाला. "आई, आधी सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस का? तू रोज येऊन झाडामागे उभा राहायचास. मला वाटलं, खेळतोयस."

"बरं, भाऊजी, तुम्हाला खटकलं असं काहीच नाही?"

"वाफे स्वच्छ आहेत," मी काही बोलायच्या आधी सासूबाई म्हणाल्या. "केळीशेजारचा खड्डा सोडून. तो ह्यांचा."

"तुम्ही खणलात?" मेव्हण्याने हसत विचारलं.

"हो," मी म्हणालो. "मीच. आई एकट्या राहू शकतात. माझं मत झालं."

"ठीक आहे. मग त्या खोलीत मी माझी व्यायामाची सायकल ठेवतो," मेव्हणा म्हणाला आणि फोन संपला.

सासूबाईंनी टॅबलेट माझ्यासमोर सरकवला.

"खणून दाखवा."

"आता?"

"कसा खणलात ते बघू दे. एवढा सरळ खड्डा मला तरुणपणी जमला नसता."

मी बोट फिरवलं. लाल शर्टातल्या माणसाने केळीला पाणी घातलं. मी दुसरीकडे दाबलं. त्याने उडी मारली. तिसरीकडे दाबलं तर तो खाली बसला. मी पुन्हा दाबलं. त्याने पुन्हा पाणी घातलं.

सासूबाईंनी वही ओढून घेतली आणि जी पानं मध्ये उघडायची नसतात ती एकेक करून उघडली. पहिली फेरी. दुसरी. तिसरी. मग परत पहिली. भांडी घासायच्या जागी नळ थेंब थेंब गळत होता.

"पहिल्या फेरीत बुजवला," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्या फेरीत बुजवल्याची नोंद नाही." त्यांनी पेन्सिल घेतली, 'जावईबापूंचा उद्योग' यावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं: 'मी.'

"आई, एखादी गोष्ट कोणीही विसरतं. मी तर..."

"केंद्रावर एक जण होता. मेलेली रोपं बघवायची नाहीत त्याला, म्हणून वहीत जिवंत लिहायचा. फार प्रेमळ माणूस. त्याच्या वहीवर विसंबून सहा गावांत झाडं लावली. पहिल्या थंडीत सगळी उभीच्या उभी वाळली." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही माझ्या मुलाला आत्ता काय सांगितलंत?"

मी उठून गळणारा नळ घट्ट बंद केला.

"एका खड्ड्यावर मीही विश्वास ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढल्या शनिवारी या. बर्फातला वाफा पुन्हा लावू. केळ जगलेली बघून मला आश्चर्य वाटलं, तर मी अकराव्या मजल्यावर जाईन. नाही वाटलं, तर या विषयावर कोणी मला परत फोन करायचा नाही. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. आठवण द्यायची नाही. फक्त लिहून घ्यायचं. आणि वही घेऊन जा."

"कशाला? राहू दे की इथेच."

"घरी राहिली तर मी पाठ करीन. माणसाचा भरवसा नाही."

मग त्यांनी मला फावडं शिकवलं. उजवीकडची पिशवी, तिसरा चौकोन, बोट दाबून धरायचं. मी केळ उपटली आणि खड्डा बर्फाने बुजवला. "बरं जमतंय की," त्या म्हणाल्या. "उगीच महिनाभर पाणी भरायला लावलं."

आठवडाभर वही माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती. बायकोला काही सांगितलं नाही. ती फोनवर मैत्रिणीला आईच्या पद्धतीबद्दल इतक्या अभिमानाने सांगत होती की माझा धीर झाला नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच त्या जगात गेलो. बर्फात चिटपाखरू नव्हतं. बुजवलेल्या जागेच्या खाली झरा होता. त्यावर दोन दगड टाकले की संपलं असतं: शनिवारी केळ इतरांसारखीच करडी झाली असती, आणि केळ मेल्याचं आश्चर्य कोणालाच वाटलं नसतं. फावडं आता मला येत होतं. मी ते हातात घेऊन अकरा मिनिटं उभा राहिलो. खेळाबाहेरही पोचावी एवढी थंडी होती. मग फावडं पिशवीत ठेवलं, सवयीने रिकाम्या वाफ्याला पाणी घातलं आणि बाहेर पडलो. त्या दुपारी एकाची गळकी गच्ची होती. शिक्का टेबलावर असूनही मी अहवाल हाताने लिहिला.

शनिवारी त्यांनी चहा केला. दोन चमचे साखर. "हं, लावा," त्या म्हणाल्या, आणि बर्फात गुलाब, सूर्यफूल, नेचे, केळ अशी ओळ लागली. अर्धा तास आम्ही वाऱ्याने हलणाऱ्या खिडकीच्या पडद्याकडे बघत बसलो. त्या त्यांच्या धाकट्या दिराच्या गोष्टी सांगत होत्या. मला वाटलं, हे तर सगळं लख्ख आठवतंय. मला वाटलं, जमेल.

गुलाब करडे झाले. सूर्यफुलं मान टाकून पडली. नेचे गेले. सासूबाई प्रत्येकाला "गेलं," एवढंच म्हणत होत्या, ओळीने, डॉक्टरसारख्या. मग त्यांचं बोट केळीवर आलं. केळ सरळ उभी होती आणि तिने नुकतंच एक नवं पान उलगडलं होतं.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. चेहऱ्यावर इतका निखळ आनंद मी चोवीस वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या लग्नात तर नाहीच नाही.

"जगली की हो! बर्फात! अहो, हिच्याखाली काहीतरी ऊब असणार. थांबा, खणून बघते." भराभर बोटं चालली. पिशवी, तिसरा चौकोन, फावडं. दोन ठोकळे निघाले आणि खालून वाफ वर आली. "बघा! म्हटलं नव्हतं?"

त्यांनी सांगितलं होतं तसं मी लिहून घेतलं.

शाबासकीसाठी त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या पेन्सिलीवर आली. मग वहीवर. मग बराच वेळ तिथेच राहिली. आनंद एकदम गेला नाही. आधी डोळ्यांतून गेला, ओठांवर थोडा मागे राहिला.

"काय लिहिलंत?"

मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी सगळी ओळ बोट ठेवून वाचली.

"अक्षर वाईट आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आणि नोंद करणाऱ्याची सही कुठाय?"

मी सही केली. त्यांनी तिच्याखाली 'तपासले' असं लिहून आपली सही केली, तारीख मला विचारून घातली. मग पदर नीट केला, फोन जवळ ओढला आणि मुलाचा नंबर लावला.

"हो, मीच. नाही रे, पडले-बिडले नाही," त्या म्हणाल्या. "ऐक. त्या खोलीतली सायकल काढ."